शाईची बाह्यरेषा की पेन्सिल आणि जलरंग: गोव्यात स्थळचित्रण करू इच्छिणाऱ्यांसाठी

गोव्यात चित्रवही घेऊन बाहेर पडणाऱ्या नवख्याच्या हाती प्रथम शाईचे पेन येते, आणि ते स्वाभाविकही आहे. लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांच्या रेषेतून आपल्यापैकी अनेकांनी इथली घरे, बाजार आणि माणसे पाहिली असल्यामुळे काळी बाह्यरेषा आणि तिच्या आत भरलेला रंग हेच गोव्याचे चित्र, असे मनात ठसलेले असते. परंतु शेजारच्याच सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांनी जलरंगात रंगवलेली, हाती दिवा धरलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तिच्यातला आकार उजेड आणि सावली यांतून उभा राहतो, त्यासाठी काळ्या रेषेचे कुंपण लागत नाही.

दोन्ही पद्धतींतला खरा फरक कामाच्या क्रमात आहे. शाईने रेखाटन करताना आकाराचे सर्व निर्णय रंगाला हात लावण्यापूर्वीच पूर्ण झालेले असतात, त्यामुळे नंतरचा रंग थोडा सैल पडला किंवा रेषेबाहेर गेला तरी चित्र सावरून धरले जाते. पेन्सिलची रेषा मात्र केवळ आखणी असते. भिंत कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते हे शेजारशेजारच्या छटांनी सांगावे लागते, म्हणून गडद काय आणि उजळ काय याचे निरीक्षण टाळता येत नाही.

पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्लीत शाईची बाजू बळकट ठरते. लोखंडी कठडे, कौलांच्या ओळी आणि खिडक्यांच्या झडपा असा बारीक तपशील पेनाने तासाभरात बांधता येतो. तोच केवळ कुंचल्याने करायचा तर बराच सराव हवा. उलट जुन्या गोव्यात बॉम जेझुस बासिलिकेसमोर बसल्यावर पेन अडचणीचे होते. १९५०च्या दशकात गिलावा काढल्यामुळे तिथला जांभा दगड उघडा आहे, आणि त्याच्या छिद्रांचा खरखरीतपणा ठिपक्याठिपक्यांनी दाखवू गेल्यास भिंतीला देवीचे व्रण आल्यासारखे दिसते. खरबरीत कागदावरून जवळजवळ कोरडा कुंचला ओढला, तर कागदाचे उंचवटेच ते काम करतात. पणजीच्या पांढऱ्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचेही तसेच आहे: भिंतीपुरता कागद कोरा ठेवून तिच्या कडेपर्यंत आकाशाचा निळा हात दिला की भिंत आपोआप उन्हात उभी राहते. कांपालच्या किनाऱ्यावरून मांडवीपलीकडचा रेईश मागूश किल्ला काढताना तर हा फरक सर्वाधिक जाणवतो, कारण जवळच्या झाडाइतक्याच काळ्या रेषेत दूरचा तट आखला की मधली नदी आणि सकाळचे धुके दोन्ही नाहीशी होतात.

पेन्सिलचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण ते उशिरा लक्षात येतात. ४बीसारख्या मऊ पेन्सिलची पूड पिवळ्या रंगात मिसळली की तो मळकट हिरवट होतो, आणि गोव्यातल्या पिवळ्या भिंतींना ते फार मारक ठरते. माझ्या अनुभवात एचबी पुरेशी आहे. पिवळ्या घरासाठी गेरूच्या छटेची रंगीत पेन्सिल अधिक बरी. २एचसारखी कठीण पेन्सिल दाबून चालवल्यास कागदावर चर पडते आणि रंग तिच्यात साचून रेषा अधिकच उठून दिसते. जलरंग एकदा वाळला की त्याखालची रेषा सहसा खोडता येत नाही, म्हणून नको त्या रेषा रंगवण्यापूर्वीच मऊ खोडरबराने टिपून हलक्या कराव्यात. घामेजल्या तळव्याने रेखाटन पुसटते, तेव्हा हाताखाली एक कोरा कागद ठेवावा.

शाईच्या बाबतीत सावधगिरी एकच, पण महत्त्वाची आहे. फाउंटन पेनच्या बऱ्याच शाया पाण्याने फुटतात; रंग द्यायचा असल्यास पिगमेंट (न विरघळणारे रंगकण) असलेली जलरोधक शाईच घ्यावी आणि पावसाळी हवेत ती पूर्ण वाळेपर्यंत थांबावे.

कागदाची निवड दोन्हीकडे सारखी नाही. पेनाला गुळगुळीत कागद मानवतो आणि हलक्या रंगासाठी २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) चालून जातो. रेषेशिवाय ओल्यावर ओले, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडून, काम करणाऱ्याने ३०० जीएसएमचा, शक्यतो कापसाचा कागद घ्यावा. तो महाग पडतो, आणि खर्चाच्या हिशेबात हीच तफावत सर्वात मोठी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या दमट हवेत पहिला थर वाळायला फार वेळ लागतो, त्या महिन्यांत शाईवाल्याचे काम निश्चितच लवकर आटोपते. कापसाच्या कागदाची वही दमट कपाटात राहिली तर कागदावरचे, रंग लगेच शोषला जाऊ न देणारे खळीचे आवरण बिघडते आणि रंग डागाडागांनी शोषला जातो.

ज्यांना प्रवासात अर्ध्या तासात नोंद करायची आहे, किंवा ज्यांचे मन वास्तूच्या तपशिलात रमते, त्यांनी निःशंकपणे शाई घ्यावी. परंतु ज्यांना कुळागरातला (पोफळीच्या बागेतला) गाळून येणारा उजेड किंवा संध्याकाळचे खाजनातले (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीतले) पाणी रंगवायचे आहे, त्यांनी निदान एक हिवाळा पेन घरी ठेवावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा त्यामानाने कोरडी असते, सावल्या स्पष्ट पडतात आणि थर वेळेवर वाळतात. पावसाळ्यात हेच चालू ठेवायचे असेल, तर जागेवर पेन्सिलने तीन छटांचे छोटे टिपण करावे आणि रंग घरी, पंख्याखाली बसून द्यावा.