निकाल वाहिनीवर नको, न्यायालयातूनच ऐका

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या (राज्यघटनेच्या प्रश्नांवर निर्णय देणाऱ्या किमान पाच न्यायमूर्तींच्या पीठाच्या) सुनावणीचं थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ ला सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी आपल्या शिवसेनेतल्या फुटीचं, ठाकरे विरुद्ध शिंदे, प्रकरण होतं. मी मोबाईल डब्याला टेकवून गवार निवडायला बसले. अर्धा तास झाला तरी गवार परातीत तशीच! न्यायमूर्ती वकिलाला मध्येच थांबवून नेमकं काय विचारतात, हे बातमीत कधी कळतच नाही.

११ मे २०२३ ला निकाल लागला, तेव्हा एका वाहिनीवर दोन्हीकडचे प्रवक्ते 'आम्हीच जिंकलो' म्हणून ओरडत होते. प्रत्यक्षात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चूक ठरलं. पण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने त्यांचं सरकार परत आणता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मला हे आजही पटलेलं नाही. चूक मान्य, मग तिचा फायदा कुणाच्या पदरात पडला?

अडचण एकच, सगळं इंग्रजीत. सासूबाई शेजारी बसून सारखं विचारत होत्या, "काय म्हणाले गं?" खाली मराठी ओळी हव्यातच. निकाल आपल्या राज्याचा होता. तरीही पाचपैकी चार तारे. पैसे लागत नाहीत, जरूर बघा.