नवा पत्रा म्हणून पुट्टी भरली: नाशिकमधला माझा अनुभव

आमची मारुती ८०० बाबांनी २००५ साली घेतली. बाबा गेले, पण गाडी विकायचं कुणाच्या मनात आलं नाही. १५ वर्षं झाल्यावर आरसीचं नूतनीकरण केलं. ते ५ वर्षांचंच असतं, त्यामुळे २०२५ मध्ये पुन्हा पेठ रोडला आरटीओत पासिंगला न्यायची होती. त्याआधी एक काम उरकायचं होतं. समोरच्या काचेचं रबर कडक होऊन तिथून पाणी झिरपायचं आणि आईच्या पायाखालची फेल्ट, म्हणजे गाडीच्या तळावर अंथरलेलं जाड कापड, ओली राहायची. फेल्ट उचलली तर खाली पत्रा सोललेल्या कांद्यासारखा पदरापदराने सुटत होता. एके ठिकाणी तर रस्ता दिसत होता.

ओळखीतून एका गॅरेजचं नाव कळलं. मालक गोड बोलणारा. "ताई, सडलेला सगळा कापून काढतो, दोन्ही बाजूंना नवा १८ गेजचा पत्रा, सीओटू वेल्डिंग, वर अंडरकोटिंग. दहा वर्षं बघायचं नाही." (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप, अंडरकोटिंग म्हणजे गाडीच्या तळाला खालून लावायचा गंजरोधक थर.) १८ हजार सांगितले, १० हजार आधी घेतले. मी पावती मागितली तर साध्या कागदावर "बॉडी काम" एवढंच लिहून दिलं. तिथेच थांबायला हवं होतं.

आठवडाभराने मोबाईलवर फोटो आले. कापलेला फ्लोअर, नवा चकचकीत पत्रा, वेल्डिंगचे टाके. मी खूश होऊन आईला दाखवले. फोटोत कापलेल्या भागाच्या कडेला चंदेरी रंग होता. आमची गाडी पांढरी आहे, आतला पत्राही पांढराच. ते फोटो दुसऱ्याच गाडीचे होते, आणि हे माझ्या लक्षात आलं चार महिन्यांनी.

गाडी मिळाली तेव्हा खालून काळंभोर जाड कोटिंग, वर नवी कोरी फेल्ट. बघण्यासारखं काहीच उघडं ठेवलेलं नव्हतं.

जुलैत आईला घेऊन इगतपुरीला मावशीकडे गेले. तिकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. परत येताना आई म्हणाली, "अगं, सीट हलतंय." मला वाटलं रूळ ढिला झाला असेल. अंबडला एका जुन्या टिंकरिंगवाल्या, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्या, काकांना दाखवलं. त्यांनी काही न बोलता फेल्ट सोडली आणि लोहचुंबक फ्लोअरवर ठेवला. तो चिकटलाच नाही. मग पेचकस टोचला, तो आरपार गेला.

आत नवा पत्रा नव्हताच. सडलेल्या पत्र्यावरच फायबरचं कापड, त्यावर पुट्टी, वर काळा रंग. पाणी काढायच्या भोकांची रबरी बुचंही त्याखाली गाडून टाकलेली. आलेलं पाणी आतच कोंडलं आणि चार महिन्यांत गंज सीटच्या बोल्टपर्यंत पोचला.

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. फ्लोअरच्या पत्र्यावर सीट उभं असतं. महामार्गावर कचकन ब्रेक मारावा लागला असता तर आईचं काय झालं असतं, या विचाराने मला अजून रात्री जाग येते. पैशांपेक्षा मला राग आहे तो याचा. त्या माणसाला पक्कं माहीत होतं की त्या सीटवर कुणीतरी बसणार आहे.

काकांनी काम केलं ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. आधी बॅटरीची वायर काढली, खालून जाणारे पेट्रोलचे आणि ब्रेकचे पाईप बाजूला घेतले. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत गेले, अंदाजापेक्षा वीतभर जास्त कापावं लागलं. पत्रा बसवल्यावर सांध्यांना सीलंट, मग प्रायमर. कोटिंग करण्याआधी त्यांनी स्वतः फोन केला, "ताई, येऊन बघून जा, मगच झाकतो." काचेचं रबरही त्यांनीच बदलायला लावलं. पाण्याची वाट बंद केली नाही तर नवा पत्राही सडेल, हे पहिला गॅरेजवाला कधी बोललाच नव्हता.

तुम्ही हे काम करून घेणार असाल तर उघडा पत्रा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोटिंग करू देऊ नका. फोटो मागाल तर चौकटीत तुमच्या गाडीची नंबरप्लेट किंवा डॅशबोर्ड दिसलाच पाहिजे. कापलेले तुकडे परत मागा, कापणारा ते बिनदिक्कत देतो. आणि बिलावर कुठला भाग, किती गेजचा पत्रा, कसलं वेल्डिंग हे सगळं लिहून घ्या.

मी पहिल्या गॅरेजात परत गेले तेव्हा मालक म्हणाला, "पत्रा टाकायचं ठरलंच नव्हतं, कागदावर कुठे लिहिलंय?" १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, त्यामुळे तोही अर्ज तयार करते आहे. त्या सोबत जोडायला माझ्याकडे चंदेरी कडेचे ते फोटो आहेत, काकांनी खरवडून काढलेली पुट्टी आहे, आणि "बॉडी काम" लिहिलेला तो कागद.