सेंट जोसेफ नदीवर नोव्हेंबरात गाइड घेऊन फिशिंग: स्टीलहेड, स्मॉलमाउथ आणि पैशांचा हिशोब

शिकागो किंवा इंडियानाच्या बाजूला राहत असाल आणि गरवायची हौस असेल तर नोव्हेंबरात एकदा तरी सेंट जोसेफ नदीवर गाइड घेऊन जा, हे आधीच सांगून टाकते. मी आणि माझा दादा (तो साउथ बेंडला असतो) दोघांनी मिळून पूर्ण दिवसाची बोट घेतली होती, मिशिगनमधला बेरियन स्प्रिंग्ज धरणाच्या खालचा पट्टा. उन्हाळ्यात आम्ही काठावरून भरपूर मासे धरतो, तेव्हा गाइडची काही गरज लागत नाही, पण पाणी गार झालं की ही नदी पूर्ण वेगळी वागते आणि तेव्हा जाणता माणूस सोबत असला तर दिवस सत्कारणी लागतो.

आधी नदीबद्दल थोडं, कारण ते कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. सेंट जोसेफ (इथले लोक नुसतं सेंट जो म्हणतात) मिशिगनमध्ये उगम पावते, खाली इंडियानात साउथ बेंडला येते, तिथे वळून परत मिशिगनमध्ये शिरते आणि लेक मिशिगनला मिळते. स्मॉलमाउथ बास इथला मूळचा मासा. स्टीलहेड मात्र मूळचा पॅसिफिकच्या बाजूचा, रेनबो ट्राउटच तो, फक्त हा नदीत वाढून मोठ्या पाण्यात जातो आणि अंडी घालायला परत नदीत चढतो. ग्रेट लेक्समध्ये तो एकोणिसाव्या शतकात आणून सोडला आणि त्याने समुद्राऐवजी तळ्यालाच आपलं मानलं. या नदीवर पाच धरणं आड येत होती, बेरियन स्प्रिंग्ज, ब्युकॅनन, नाइल्स, साउथ बेंड आणि मिशावाका, तर दोन्ही राज्यांनी मिळून तिथे माशांसाठी जिने बांधले, 1992 पर्यंत ते काम पुरं झालं. आता मासा लेकपासून मिशावाकाच्या ट्विन ब्रँच धरणापर्यंत म्हणजे 60 मैलांच्या वर चढून येतो. मिशावाकालाच इंडियानाची बोडाइन हॅचरी आहे, तिथे स्टीलहेडची पिल्लं वाढवतात. मला हे सगळं फार आवडतं, धरण बांधलं म्हणून नदी सोडून दिली नाही, माशाला वाट करून दिली. आपल्याकडे लोणावळ्याला टाटा पॉवरवाले वळवणला कित्येक वर्षं महसीरची पिल्लं वाढवतायत, ते काम ज्यांना माहितीये त्यांना हे जास्त भिडेल.

आता गाइड. नाव देत नाही, साठीच्या आसपासचा माणूस, सगळे त्याला कॅप्टनच म्हणतात. शॅमरॉक पार्कच्या रॅम्पवर भेटलो, अजून उजाडलं नव्हतं. बोटीत बसवायच्या आधी त्याने पाच मिनिटं नुसतं पाण्यात पडलात तर काय, हे सांगितलं. पहिलं 1 मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, कारण गार पाण्याचा धक्का बसला की माणूस तोंड उघडून धापा टाकतो आणि तिथेच पाणी आत जातं. पुढची 10 मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात बाहेर यायचं बघायचं. शुद्ध जायला साधारण 1 तास लागतो, म्हणून घाबरायचं नाही, पण हे सगळं लाइफ जॅकेट अंगावर असेल तरच. जॅकेट दिवसभर काढायचं नाही म्हणाला आणि स्वतःही काढलं नाही. मला तिथेच हा माणूस पटला.

मग त्याने थर्मामीटर पाण्यात सोडला. 43 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 6 सेल्सिअस. त्या आकड्यावर त्याने अख्खा दिवस बेतला. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याचं सगळं शरीरच हळू चालतं, भूक कमी होते, मग तो जोरदार धारेत उभं राहून ताकद घालवत नाही, खोल आणि सावकाश पाण्यात येऊन बसतो. कॅप्टनने सांगितलं की माणूस रमतगमत चालतो तेवढ्या वेगाचं पाणी शोधायचं, चार ते आठ फूट खोल, आणि एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला संथ पाणी अशी जी शिवण पाण्यावर दिसते तिच्या आतल्या बाजूला. उन्हाळ्यात तोच मासा आमिषासाठी पाच फूट धावून येईल, थंडीत फूटभरसुद्धा हलायचा नाही, त्यामुळे आमिष बरोब्बर त्याच्या तोंडासमोरून, त्याच्याच खोलीवर, पाण्याच्याच वेगाने गेलं पाहिजे. आणि खरी गोम इथे आहे, पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं, म्हणजे फ्लोट (दोराला लावलेला तरंगता बोंडा) पुढे पळतो आणि खालचं आमिष ओढलं जातं, माशाला ते लगेच कळतं. म्हणून फ्लोट हलकेच मागे धरून ठेवायचा, आमिष पुढे आणि फ्लोट किंचित मागे. हे शिकायला मला सकाळ गेली आणि तो बाजूला उभा राहून न कंटाळता प्रत्येक वेळी सांगत होता, दोर कधी सोडायचा, कधी उचलायचा, खोली सहा इंचांनी वाढव, आता परत तीन इंच कमी कर.

आमिष म्हणजे माशाच्याच अंड्यांची जाळीच्या कापडात बांधलेली छोटी पुरचुंडी, मधूनमधून जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) आणि त्याला मेणकिडा. थोडा वेळ प्लगही (माशाच्या आकाराची खोटी आमिषं) लावले, बोट धारेत हळूहळू मागे सरकवत प्लग माशांच्या अंगावर नेतात तो प्रकार. तो आपल्यासाठी सोपा आहे कारण सगळं काम बोटवाला करतो, पण मला फ्लोटच आवडला. लहानपणी दापोलीला खाडीवर गरी टाकून बसायचो तेव्हा दोरा बोटावर धरून कळायचं, इथे सगळी नजर त्या फ्लोटवर.

दादाला पहिला लागला. फ्लोट बुडाला असंही नाही, नुसता थबकला, कॅप्टन ओरडला, दादाने उचललं आणि रीलमधून दोर जो सुटला तो सुटलाच. गार पाण्यात स्टीलहेड लढत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, उड्या कमी मारतो इतकंच. चंदेरी, अंगावर फिका गुलाबी पट्टा, सातआठ पौंडांचा असेल. पाठीवर शेपटीच्या अलीकडे जो छोटा मांसल पर असतो तो शाबूत होता. हॅचरीचे मासे सोडताना तो कापून सोडतात, त्यामुळे तो पर नसला की मासा हॅचरीचा हे नक्की. आमचा नियम असा ठरला की पर असलेला परत जाणार. कॅप्टनने तो जाळ्यातून बाहेर काढलाच नाही, पाण्यातच गळ काढला. हवा शून्य सेल्सिअसच्या खाली होती, आणि अशा हवेत मासा वर धरून फोटो काढत बसलं तर त्याच्या कल्ल्यांतल्या नाजूक पडद्यांना गारठ्याने इजा होते, मग तो पोहत गेला तरी जगेल असं नाही. फोटो पाण्यात अर्धा बुडालेला काढला, आणि तो फार छान आलाय.

दुपारी ऊन आलं, पाणी 45 च्या आसपास चढलं, तेव्हा म्हणाला आता स्मॉलमाउथ बघू. हे मला या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त आवडलं. नदीच्या वळणावर एक खोल डोह, काठावरून पडलेली झाडं, धार बाजूने निघून जाते. उन्हाळ्यात नदीभर पसरलेले स्मॉलमाउथ 50 फॅरनहाइटच्या खाली पाणी गेलं की अशा डोहांत एकत्र जमतात आणि थंडी तिथेच काढतात. केसांचा छोटा जिग तळाला टेकवायचा आणि जवळजवळ काही करायचं नाही. झटका वगैरे येत नाही, नुसता दोर जड वाटतो. मला लागला तो 18 इंचांच्या आसपास, काशाच्या रंगाचा, लाल डोळा. एवढा व्हायला इकडच्या गार पाण्यात आठदहा वर्षं सहज लागतात. एकाच डोहात एवढे मासे जमलेले असताना कोणी पिशवी भरायला लागलं तर नदीच्या मैलोनमैल पट्ट्यातले मोठे मासे संपतील, म्हणून कॅप्टन त्या डोहात थोडाच वेळ थांबतो, मग बोट हलवतो, आणि बास तर सगळेच सोडतो. दादा अजून थांबूया म्हणत होता, तरी नाही थांबला. मला ते अगदी योग्य वाटलं.

सामान सगळं त्यांचं, रॉड रील चांगल्या प्रतीचे. सकाळी रॉडच्या कड्यांत बर्फ धरत होता तर कॅप्टन न सांगता दर थोड्या वेळाने रॉड पाण्यात बुडवून साफ करत होता. बोटीत प्रोपेनचा हीटर. तुम्ही फक्त कपडे नीट घाला, आत लोकर किंवा सिंथेटिक, सुती काहीही नको, ओलं झालं की सुकत नाही आणि अंगातली ऊब जाते. बूट एक नंबर मोठे, दोन जोड मोजे मावतील असे.

आता जे कमी पडलं ते. बायकांसाठी बाथरूमचं विचारून घ्या, रॅम्प सोडला की तासनतास काही नाही, वेबसाइटवर त्याबद्दल एक शब्द नव्हता. जेवणात टर्की सँडविच, शाकाहारी असाल तर आधी सांगा नाहीतर चिप्सवर दिवस काढावा लागेल, आम्ही मेथीचे ठेपले आणि थर्मासात चहा नेला होता म्हणून बरं. आणि वेळेचं लक्षात ठेवा, बेरियन स्प्रिंग्ज इस्टर्न टाइममध्ये येतं, शिकागोपेक्षा 1 तास पुढे, सकाळी 7 म्हणजे तुमचे 6. लायसन्स गाइडच्या पैशांत नसतं. मिशिगनचं एकच लायसन्स सगळ्या माशांना चालतं, पण नदीचा इंडियानातला भाग घेतलात तर इंडियानाचं लायसन्स आणि वर ट्राउट-सॅमनचा स्टँप वेगळा.

पैसे. दोघांत पूर्ण दिवसाचे 500 डॉलरच्या आसपास, वर 20 टक्के टिप. स्वस्त नाही. पण याच नदीवर वसंतात आम्ही दुसऱ्या एकाबरोबर गेलो होतो, तो स्वस्त होता आणि त्याने आम्हाला सरळ उथळ खडीवर अंडी घालत असलेल्या माशांवर नेलं. पाणी नितळ, मासे डोळ्यांना दिसतायत, जोडी खड्डा करून बसलीये आणि वरून गळ टाकायचा. मासे भरपूर लागले असते, आम्ही दोघांनीही नको म्हटलं आणि बाकीचा दिवस वाया गेला. त्यामुळे फोनवर बोलताना हे स्पष्ट विचारा की अंडी घालणाऱ्या माशांवर नेता का, आणि उत्तर देताना तो माणूस अडखळला तर दुसरा बघा.

खायचं म्हणाल तर मला संध्याकाळी पर कापलेला एक स्टीलहेड लागला, तो ठेवला. चरबी आणि कातडी काढून टाका, लेकमधल्या मोठ्या माशांच्या चरबीत पीसीबी नावाचं कारखान्यांतलं विषारी रसायन साठतं, मिशिगनच्या आरोग्य खात्याची ईट सेफ फिश नावाची माहिती आहे, त्यात कुठल्या पाण्यातला कुठला मासा किती खायचा ते दिलंय, लहान मुलं आणि गरोदर बायका असतील घरात तर आधी ती वाचा. मांस नारिंगी, चव सॅमनपेक्षा सौम्य. आगळ, हळद, मालवणी मसाला लावून रव्यात घोळवून तव्यावर केला, वहिनीने सोबत सोलकढी केली होती.

नोव्हेंबरातले शनिवार-रविवार लवकर भरतात, उन्हाळा संपायच्या आत फोन करा. शक्य असेल तर मधला वार घ्या आणि तारीख पक्की करताना विचारून ठेवा की पाऊस पडून नदी गढूळ झाली तर दिवस बदलून मिळेल का. आमचा कॅप्टन नाइल्सच्या गेजवर (नदीचं पाणी मोजायचं यंत्र) पाणी बघून आदल्या संध्याकाळी स्वतः फोन करतो आणि पाणी बरं नसेल तर येऊ नका म्हणून सांगतो, डिपॉझिट तसंच पुढच्या तारखेला धरतो.