साप पकडण्याचा चिमटा: पाच महिन्यांच्या अनुभवानंतर

गेल्या जून महिन्यात मी आमच्या सोसायटीसाठी साप पकडण्याचा एक चिमटा ऑनलाइन मागवला. मुलुंड पश्चिमेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला पाठ लावून आमच्या तीन इमारती उभ्या आहेत. पाऊस लागला की बिळांत पाणी शिरते आणि बाहेर पडलेले साप पार्किंगमध्ये, मीटर रूममध्ये, कधी तळमजल्यावरच्या एखाद्या न्हाणीघरातही दिसतात. पूर्वी अशा वेळी वॉचमनची काठी चालत असे. ती बंद व्हावी आणि साप जिवंत पकडून डोंगरात सोडता यावा, या हेतूने कमिटीच्या सभेत मीच हा विषय मांडला होता. 1,850 रुपयांत चिमटा, चामड्याचे हातमोजे आणि जाड कापडाची पिशवी असा संच घरपोच आला. पाच महिन्यांत तो एकदाच वापरला गेला. त्या एका वेळेत जे पाहिले ते, असा संच मागवण्याच्या विचारात असलेल्या कमिट्यांनी पैसे भरण्यापूर्वी वाचावे, म्हणून हे लिहीत आहे.

वस्तू म्हणून पाहिले तर चिमटा टाकाऊ नाही. सुमारे चार फुटांची ॲल्युमिनियमची नळी, एका टोकाला पिस्तुलासारखी मूठ आणि खटका, दुसऱ्या टोकाला करवतीसारख्या दात्यांचा जबडा, आणि खटक्यापासून जबड्यापर्यंत नळीतून गेलेली पोलादी तार, अशी त्याची रचना आहे. वजन हलके आहे, सांधे घट्ट आहेत, पावसाळ्यात कुठे गंज चढला नाही. खटका दाबला की जबडा लगेच मिटतो. मात्र त्या जबड्यात काय आले आहे आणि ते किती दाबले जात आहे, याचा अंदाज मुठीवरच्या हाताला मुळीच येत नाही. त्या वेळी ही बाब माझ्या लक्षात आली नव्हती. संचाच्या खोक्यावर हसऱ्या चेहऱ्याचा एक माणूस नाग उचलून उभा असल्याचे चित्र आहे आणि त्याखाली, कोणालाही सहज वापरता येईल, अशा अर्थाची ओळ आहे. माझी खरी तक्रार त्या ओळीबद्दल आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, बी विंगच्या मीटर रूममध्ये साप असल्याचा निरोप वॉचमनने दिला. मी चिमटा घेऊन खाली गेलो तेव्हा दहाबारा माणसे जमली होती. तिसऱ्या मजल्यावरचे आमचे एक तरुण शेजारी पुढे झाले. बँकेत नोकरी करणारा, पावसाळ्यात भिजलेली मांजरीची पिल्ले घरी नेऊन पुसणारा हा मुलगा आहे. टॉर्चच्या उजेडात त्याने कोपऱ्यातले वेटोळे पाहिले आणि मला म्हणाला, "काका, डुरक्या आहे, बिनविषारी. द्या तो चिमटा, पाच मिनिटांचं काम आहे." मागून कुणीतरी म्हणाले, "अरे, राहू दे, वन खात्याला फोन करू." त्यावर तो म्हणाला, "ते येईपर्यंत कुणीतरी ठेचेल त्याला." त्याचे हे म्हणणे खोटे नव्हते, कारण वॉचमन काठी हातात घेऊनच उभा होता. मी चिमटा त्याच्या हातात दिला.

ती डुरक्या नव्हती, घोणस होती. आपल्या भाषेत डुरक्याला डुरक्या घोणसही म्हणतात, म्हणजे घोटाळा नावापासूनच सुरू होतो. दोघांचेही अंग जाड आणि तपकिरी असते. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोके त्रिकोणी असते, मान बारीक असते. डुरक्याची शेपटी आखूड आणि बोथट असते. दिवसा, चित्र समोर ठेवून, हा फरक कोणीही सांगेल. रात्री साडेनऊला, केबलच्या गुंत्यामागे, दहा माणसे एकाच वेळी सल्ले देत असताना तो दिसत नाही. चिमट्याचा जबडा तिच्या पोटाच्या मध्यावर बसला आणि तिने जो फुत्कार टाकला तो कुकरच्या शिट्टीसारखा, लांबलचक आणि भरघोस होता. तो आवाज ऐकल्यावर, ही डुरक्या नाही, हे माझ्यासारख्यालाही कळले. तिने अंगाला पीळ दिला, जबड्यातून अर्धी निसटली आणि नळीच्या कडेने मागे वळून झेपावली. तिचे तोंड त्या मुलाच्या मुठीपासून वीतभर अंतरावर नळीवर आपटले. त्याने भीतीने खटका आणखी जोरात आवळला. मग चिमटा हातातून सुटला, माणसे मागे पळाली आणि सुदैवाने दरवाजा बाहेरून ओढून घेण्याइतके भान एका बाईंना राहिले.

त्यानंतर आम्ही वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन केला. हाच फोन साडेनऊला झाला असता तर ही हकिगत लिहिण्याची वेळ आली नसती. सुमारे चाळीस मिनिटांत एक सर्पमित्र आले. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढले, दिवा लावायला सांगितला आणि दोन मिनिटे काहीही न करता नुसते पाहत राहिले. त्यांच्याकडे चिमटा नव्हता. होता तो एक हूक आणि तोंडाशी काळ्या पाइपचा तुकडा बांधलेली पिशवी. पाइपचे तोंड त्यांनी भिंतीलगत सापासमोर ठेवले, हुकाने तिला अलगद त्या दिशेला वळवले, आणि अंधारी जागा दिसताच ती आपणहून आत गेली. सापाला त्यांचा हात लागला नाही, आणि आवळणे तर कुठेच नव्हते. पिशवीला गाठ मारल्यावर ते फरशीवर वाकले. जिथे ती पडली होती तिथे रक्ताचे चार-पाच थेंब होते. "चिमट्याने धरली होती का हो?" एवढेच त्यांनी विचारले. तिसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा ती जगली नसल्याचे त्यांनी सांगितले. मणका दुखावला होता आणि तोंडातून रक्त येत होते.

साप वाचावा म्हणून आणलेल्या वस्तूने साप मेला, ही गोष्ट मला अजून सोसत नाही. असे का झाले ते समजून घेण्यासाठी मी बाजारातून पडवळ आणले आणि घरी चिमट्याने उचलून पाहिले. मध्यावर हलके धरले तर पडवळ एका बाजूला कलंडून निसटते. निसटू नये इतके दाबले तर दाते सालीत रुततात आणि आतला गर चेपतो. या दोन्हींच्या मधला दाब मला दहा वेळा प्रयत्न करूनही साधला नाही. सापाच्या अंगात मानेपासून शेपटीपर्यंत मणक्यामागून मणके असतात, धडातल्या जवळजवळ प्रत्येक मणक्याला बरगड्यांची नाजूक जोडी असते, आणि फुप्फुस, यकृत, जठर असे सगळे अवयव त्या अरुंद जागेत लांबट होऊन बसलेले असतात. शिवाय पडवळ जागच्या जागी पडून राहते आणि साप जीव खाऊन पीळ देतो. सरावलेल्या माणसाला चिमटा हलक्या हाताने, हुकाच्या जोडीने वापरता येत असेलही, परंतु सोसायटीतल्या घाबरलेल्या माणसाचा हात हलका राहणार नाही. संचातल्या हातमोज्यांचीही तीच गत आहे. घोणशीचे विषदंत लांब असतात, आणि साध्या चामड्याच्या भरवशावर हात पुढे करणे हा शुद्ध धोका आहे.

माणसाच्या बाजूने पाहिले तर हिशेब आणखी कठीण होतो. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी 58 हजार माणसे मेली, असा अंदाज या विषयावरच्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला आहे. त्यातली बहुतेक माणसे शेतात राबणारी, अंधारात चालणारी, जमिनीवर झोपणारी होती. त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. आमच्या मीटर रूममध्ये मात्र पर्याय होता, तो म्हणजे दरवाजा बंद करून थांबण्याचा. घोणशीच्या विषाने रक्त गोठायचे थांबते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि रुग्णाला डायलिसिसवर ठेवण्याची पाळी येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष चालते. घोड्यांना विषाची बारीक मात्रा टोचून त्यांच्या रक्तापासून ते तयार करतात, आणि परळच्या हाफकिनमध्ये हे काम कित्येक दशके चालत आलेले आहे. ते औषध अनेकांचा जीव वाचवते, पण त्याचीही तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. मुंबईत आपण रुग्णालयाच्या जवळ राहतो, हा दिलासा खरा आहे. मात्र त्या दिलाशावर विसंबून विषारी सापाच्या जवळ जाणे मला पटत नाही.

यावर कुणी म्हणेल की अनुभवाने माणूस तयार होतो. केरळचे वावा सुरेश यांनी आयुष्यभरात हजारो साप पकडले. जानेवारी 2022 मध्ये कोट्टायम जिल्ह्यात पकडलेला नाग पोत्यात भरताना तो त्यांच्या मांडीला डसला आणि ते मरणाच्या दारातून परत आले. इतक्या अनुभवी माणसावर ही वेळ येते, तर व्हिडिओ पाहून शिकलेल्या आमच्या शेजाऱ्याने काय करावे? त्याच केरळमध्ये वन विभागाने 2020 पासून साप पकडणाऱ्यांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली, आणि मला तो मार्ग योग्य वाटतो. जोखीम कोणीतरी घ्यावीच लागते हे मान्य आहे. ती शिकलेल्या, साधने असलेल्या आणि पाठीशी यंत्रणा असलेल्या माणसाने घ्यावी.

विक्रेत्याने आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला मारण्याबरोबर त्याला पकडणेही येते, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि आपली निरुपद्रवी धामणसुद्धा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे. म्हणजे परवानगीशिवाय, स्वतःच्या हौसेने किंवा दयेने साप पकडून पिशवीत घालणारा माणूस कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. खोक्यावर किंवा आतल्या पत्रकावर याचा एका शब्दाने उल्लेख नाही. मी विक्रेत्याला हे सर्व सविस्तर लिहून कळवले. वस्तू वापरलेली असल्यामुळे परत घेता येणार नाही, एवढेच उत्तर आले.

त्या मुलाला मी दोष देत नाही. जखमी जनावर पाहून ज्याचा पाय पुढे पडतो अशी माणसे या शहरात आहेत, म्हणूनच संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेल्या घारीसाठी अग्निशमन दलाला फोन जातात आणि खोक्यात ठेवलेला पक्षी घेऊन कुणीतरी परळच्या जनावरांच्या रुग्णालयाची पायरी चढते. दमलेल्या पोपटावर किंवा कबुतरावर टॉवेल टाकून त्याला खोक्यात ठेवणे सामान्य माणसाला जमते आणि त्याने ते करावे. घारीच्या नख्यांशी खेळू नये. बिबट्या दिसला तर त्याच्या वाटेतून माणसांना हटवणे, हीच त्याची सुटका असते; चारी बाजूंनी मोबाईल घेऊन उभी राहिलेली गर्दी त्याला कोपऱ्यात ढकलते आणि मग कुणाला तरी ओरखडे येतात. सापाच्या बाबतीत साध्या माणसाचे काम त्याहून सोपे आहे. लांबून नजर ठेवावी, मुलांना व काठ्यांना आवरावे, दाराखालच्या फटीत ओला गोणपाट कोंबावा आणि फोन करावा. "ते येईपर्यंत कुणीतरी ठेचेल" या भीतीवरही उपाय आहे. चिमटा धरणाऱ्या एका माणसापेक्षा काठी धरणाऱ्याचा हात धरणारी दोन माणसे त्या रात्री अधिक उपयोगी पडली असती.

चिमटा विकत घेऊ नये, असे मी सांगतो. 1926 ची सेवा मात्र नंबर मोबाईलमध्ये आधीच साठवून ठेवण्याच्या योग्यतेची आहे. मुसळधार पावसाच्या दिवसांत त्यांना यायला वेळ लागतो, कारण माणसे थोडी आणि फोन पुष्कळ असतात. तेवढा वेळ धीर धरण्याची तयारी आपली हवी. आलेल्या सर्पमित्राला साप हातात धरून फोटो काढू द्यायला सांगू नये. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी अशी विनंती सरळ नाकारली, आणि त्याच क्षणी त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

ऑक्टोबरच्या शेवटी, भर दुपारी, पार्किंगच्या भिंतीलगत सहा-सात फुटांची धामण आली. वॉचमनने काठी न घेता मला बोलावले. मुले दोन गाड्यांपलीकडे रांगेत उभी राहिली, त्या तरुण शेजाऱ्याने फोन लावला आणि तिच्यावर नजर ठेवून तो तिथेच एका खुर्चीवर बसला. सर्पमित्र पोहोचायला पाऊण तास लागला. त्याआधीच धामण पाणी जाण्याच्या भोकातून डोंगराच्या बाजूला निघून गेली होती. त्यांनी भोक पाहिले, शेजारी साचलेला ओला कचरा पाहिला आणि म्हणाले, "उंदीर आहेत इथे, ती परत येईल." कचऱ्याचे डबे आम्ही दुसऱ्या दिवशी फाटकाजवळ हलवले. भोक मात्र तसेच उघडे ठेवले आहे.