सही माझी होती, प्रशिक्षण मात्र झालंच नव्हतं

साइटवरच्या अपघाताच्या चौकशीच्या वेळी अधिकाऱ्याने तीन कागद माझ्यापुढे सरकवले आणि विचारलं, "सही तुमचीच ना?" होती, माझीच होती. तशाच तीन कागदांवर माझ्या कामातल्या जोडीदाराचीही होती. तो तेव्हा रुग्णालयात पाठीवर पडून होता. कूस बदलायची तर दोन माणसं लागायची. दुभाष्याने कागद वाचून दाखवले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण कशावर सह्या करून बसलो होतो.

बांधकामाच्या कामाला परमुलखात निघालेल्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून लिहितोय.

मी सेंटरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी फळ्यांचा साचा बांधायचं काम करतो. मुकादमाबरोबर आम्ही अकरा जण निघालो. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून रात्री पावणेदहाला उतरलो, साइटवर पोचेपर्यंत अकरा वाजले. पिशव्या अजून खांद्यावरच होत्या. खोल्यांच्या दारात ठेकेदाराचा माणूस कागदांचा गठ्ठा घेऊन उभा होता. मुकादम म्हणाला, "खोलीची नोंद आहे रे, पटापट सह्या करा नि झोपा." भाषा परकी, लिपीही परकी. सही करेल त्याच्या हातात किल्ली पडत होती. मागे रांग, डोळ्यांवर झोप. कागदात काय आहे, हे अकरांपैकी एकानेही विचारलं नाही.

पहिल्या कागदात लिहिलं होतं की त्याच दिवशी सकाळी नऊ ते तीन असं सहा तासांचं सुरक्षा प्रशिक्षण आम्ही घेतलं, तेही आमच्या भाषेत. दुसऱ्यात हेल्मेट, पूर्ण अंगाचा हार्नेस (उंचीवरून पडलं तर झेलणारे पट्टे) आणि बूट मिळाल्याची पोच होती. तिसरा कागद सगळ्यात घातक. हार्नेस न वापरता अपघात झाला तर जबाबदारी माझी, भरपाई मागणार नाही.

साहित्य आलं ते चौथ्या दिवशी. हार्नेस म्हणून हातात पडला तो नुसता कमरेचा पट्टा. खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती जाणारे पट्टे त्याला नव्हतेच. तसा पट्टा एका जागी तोल सांभाळून काम करण्यापुरता असतो. पडणाऱ्या माणसाला तो झेलू शकत नाही, सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. आमच्या पट्ट्याचं लेबल कापून टाकलेलं होतं आणि शिवणीचा धागा नखाने ओढला तरी निघत होता. हेल्मेटचीही तीच गत. चांगल्या हेल्मेटच्या आतल्या बाजूला ते कधी बनलं याचा ठसा असतो. आमच्यात काहीच नव्हतं, अंगठ्याने दाबलं की कवच आत जायचं. डोकं चुकून कशाला आपटलं तर खरचटू नये एवढ्यासाठी हलक्या टोप्या मिळतात, त्यातलीच ती. वरून वीट पडली तर तिचा काय उपयोग? पहिल्या पगारात 'सेफ्टी' या नावाखाली तीन दिवसांची हजेरी कापली. मी भांडलो, पण पैशासाठी. वस्तू कसली दिलीय, यावर भांडायला हवं होतं.

दुसऱ्या महिन्यात जोडीदार पडला. परांचीवर साडेतीन मीटर उंचीवर आम्ही फळ्या ठोकत होतो. डोक्याच्या वर पट्ट्याच्या दोराचा हूक अडकवायला काही नव्हतं, म्हणून त्याने तो पायाशी, परांचीच्या नळीला अडकवला. पायाखालची फळी सरकली. आवाज ऐकून मी वळलो तोवर तो खाली होता. पट्टा सरकून बरगड्यांवर चढला होता आणि दोराने त्याला झेललंच नव्हतं.

दोराने त्याला का झेललं नाही, हे नंतर कामगार संघटनेच्या एका बाईंनी आकडे मांडून समजावलं. दोर दोन मीटर. झटका शोषणारा भाग उलगडला की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत. त्याखाली माणसाचं लोंबकळणारं अंग दीड मीटर धरायचं आणि त्याच्याही खाली एक मीटर मोकळी जागा ठेवायची. म्हणजे हूक जिथे अडकवला, तिथून खाली सव्वासहा मीटर मोकळे हवेत. आम्ही साडेतीनवर होतो. खरा हार्नेस असता तरी तो जमिनीवर आदळलाच असता. हे सांगायला अर्धा तास पुरतो. त्या सहा तासांत तो अर्धा तास मिळाला असता, तर त्याने हूक पायाशी लावलाच नसता.

रुग्णालयात नेताना गाडीत मुकादम म्हणाला, "खोलीच्या जिन्यावरून पडला म्हणायचं. साइटचं नाव निघालं तर काम बंद पडेल, सगळ्यांचे पगार अडकतील." आणि मी तसंच सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मुकादमाने मला फसवलं हे खरं, पण हे शब्द माझ्या तोंडून गेले. ती नोंद दुरुस्त करून घ्यायला दोन महिने गेले. कोणी कितीही घाबरवलं तरी डॉक्टरांना पडल्याची जागा, वेळ आणि उंची खरीच सांगा. पहिली नोंद तीच असते आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा बांधकामातल्या सुरक्षेवरचा 1988 चा करार आहे, क्रमांक 167. संरक्षक साहित्य कामगाराला फुकट द्यायचं आणि ते नीट ठेवायचं काम मालकाचं, असं त्यात लिहिलंय. जिवाला तातडीचा, गंभीर धोका दिसला तर काम सोडून बाजूला होण्याचा हक्कही त्यात आहे, फक्त लगेच वरिष्ठाला कळवायचं. सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही, म्हणून पोचल्याबरोबर तिथला कायदा विचारून घ्या. आमच्या साइटपासून त्या बाईंच्या कामगार संघटनेचं कार्यालय चालत जाण्याइतकं जवळ होतं, आणि अपघात होईपर्यंत आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

वाचता येत नसलेल्या कागदावर सही करायची वेळ आलीच, तर आधी फोनने त्याचा फोटो काढा. काढू देत नसतील तर तिथेच समजा. सहीखाली तारखेबरोबर घड्याळातली वेळही स्वतःच्या हाताने लिहा. पट्ट्याचं लेबल आणि शिवण मिळाल्या दिवशीच बघा, त्याचेही फोटो ठेवा. पगारातून कापलेल्या रकमेची पावती मागा.

यातलं आम्ही काहीच केलं नव्हतं. आमच्या हाताशी आलं ते रेल्वेचं तिकीट, पिशवीच्या आतल्या कप्प्यात चार घड्या होऊन पडलेलं. ज्या सकाळी आम्ही म्हणे प्रशिक्षणाला बसलो होतो, त्या सकाळी आम्ही गाडीत होतो. त्या तिकिटावर जोडीदाराचा भरपाईचा दावा पुन्हा उघडला गेला, अजून निकाल लागलेला नाही. ठेकेदाराच्या माणसाने मूळ तिकीट दोनदा मागितलं. मी फक्त फोटो दाखवला.