दुकानातली चेन, ऑनलाइनचा डबा

बेळगावात गिअरची सायकल चालवणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, ऑनलाइनवर सगळा नकली माल. घ्यायचं ते दुकानात जाऊन, हातात धरून घ्या. दुसरा म्हणतो, दुकानदार किमतीत उतरत नाही, हवी ती वस्तू त्याच्याकडे कधी असत नाही, त्यापेक्षा फोनवर मागवा. मला दोन्हीकडे गंडवलं गेलं. त्यातला दुकानातला प्रकार जास्त वाईट, कारण दुकानदाराने भरवशाचा म्हणून जो माल दिला तो त्याने स्वतःच ऑनलाइनवर उचललेला होता. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, पण नकली मालाचा डबा कसा ओळखायचा ते लिहितो. तेवढं पुरे आहे.

आधी ऑनलाइनचं, थोडक्यात. आपल्याकडे नोव्हेंबरच्या सुमाराला ऊस सुरू झाला की पहाटेच्या रस्त्यावर ट्रॅक्टर उतरतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि पुढे ड्रायव्हरची गाणी कानठळ्या बसतील अशी. काकतीच्या पुढे संकेश्वरच्या बाजूला पहाटे सायकल काढणाऱ्याला हे सांगायला नको. तेव्हा चांगला पुढचा लाइट हवाच. मी एका मोठ्या साइटवरून मागवला. जाहिरातीत उजेडाचे, म्हणजे लुमेनचे, आकडे हजारोंत, बॅटरीची साठवण 9900 एमएएच, शेकड्याने पाच तारे. लाइट पहिल्या अर्ध्या तासात लख्ख, मग पिवळा, मग विझला. अंधारात, उसाच्या ट्रॉलीच्या मागे.

घरी येऊन खोललं तर आत 18650 जातीचा सेल. म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. टॉर्चमध्ये, पॉवर बँकेत हाच असतो. या मापाच्या सेलमध्ये नामांकित कंपन्यांनासुद्धा साडेतीन हजार एमएएचच्या फार वर जाता आलेलं नाही. त्यामुळे ज्याच्यावर 9900 छापलंय तो सेल खोटा, यात दुसरं काही तपासायची गरज नाही. तरी माझा एक मित्र शहापुरात सराफी करतो, त्याच्या काट्यावर ठेवून बघितला. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. हा तीससुद्धा भरला नाही. मित्र म्हणाला, "हॉलमार्क न्हाई याला."

परत करायची मुदत तोवर उलटून गेली होती आणि विकणारा उत्तर देईना. पण साइटवर खाली, बारीक अक्षरांत, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो. तो असायलाच लागतो. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम आहेत. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याच्या आत द्यायचा, असं त्यात लिहिलेलं आहे. सेलचा फोटो, काट्यावरचा फोटो आणि ऑर्डरचा नंबर पाठवला. पैसे परत आले. विकणारा मात्र नाव बदलून तोच लाइट अजून विकतोय, तोच फोटो, तेच तारे.

यानंतर चेन बदलायची वेळ आली तेव्हा साहजिकच दुकान गाठलं. इथे आपल्या गावची एक अडचण सांगितली पाहिजे. बेळगावात सायकलचे कारागीर उत्तम आहेत. शहापूर-वडगावात असे म्हातारे मिस्त्री आहेत की रिम हातात फिरवून डोळ्यांनी आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढतात, यंत्र लागत नाही. पण त्यांचा हात बसलेला आहे तो साध्या काळ्या सायकलीवर. आठ गिअरची चेन मागितली तर पेठेत निम्म्या ठिकाणी "उद्या या" आणि उरलेल्या ठिकाणी "सगळ्याला एकच चेन चालते ओ". चालत नाही. साध्या सायकलीची चेन रुंद असते, गिअरची अरुंद, आणि गिअर वाढतील तशी आणखी अरुंद: आठ गिअरच्या चेनची पिन साधारण 7.1 मिलिमीटर, नऊची 6.6. त्यामुळे ज्या एकदोन दुकानांत गिअरचं सामान काचेच्या कपाटात दिसतं, तिथे माणूस आपोआप जातो आणि तिथला शेठ सांगेल ते ऐकतो.

शेठ गोड बोलला. डबा कपाटातून काढला, फुंकर मारून धूळ उडवली. नामांकित कंपनीचा डबा, वर एमआरपीचा स्टिकर. "ऑनलाइनचं भूत डोक्यातनं काढा सर. तिकडं सगळं डुप्लिकेट. हे बघा, ओरिजिनल, कंपनीचा माल. तुमच्यासाठी शंभर कमी करतो की." दुकानातल्या पोराने तिथेच चेन बसवली. मी विचारलं, "आवाज येतोय काय रे?" त्याने पायडल हाताने गरगर फिरवलं आणि म्हणाला, "चैन चलो ऐती. एन आगंगिल्ल री." चेन चांगली आहे, काही होत नाही. जुनी चेन मागितली तर ती भंगारात गेलेली.

बिल मागितलं. शेठने गुलाबी कागदाचं पुस्तक काढलं, त्यावर 'चेन 1' आणि रक्कम लिहून, शिक्का मारून दिलं. वर छापलेलं होतं 'एस्टिमेट'. मी म्हटलं, हे बिल नव्हे. तर म्हणाला, "पक्कं बिल घेतलात तर जीएसटी वर लागतो ओ. कशाला उगीच?" हे साफ खोटं आहे. एमआरपी म्हणजे सगळे कर धरूनच छापलेली किंमत. तिच्यावर कर म्हणून एक रुपया जास्त मागता येत नाही. तसं म्हटल्यावर त्याचं कॉम्प्युटर बिघडलं. उद्या या, बिल देतो. ते उद्या आलेलं नाही.

आता चेनचं. सुरुवातीला बरी चालली. मग मधल्या गिअरवर कट्‌ कट्‌ सुरू झालं, मग चढावर स्लिप व्हायला लागली. शेवटी येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढावर, जिथे सगळ्यांचीच बोलती बंद होते, मी उभा राहून पायडल मारत असताना तुटली. पाय एकदम खाली गेला, गुडघा हँडलवर आपटला. मागून गाडी येत नव्हती एवढंच नशीब. सायकल टमटममध्ये घालून परत आलो.

घरी चेन रॉकेलमध्ये धुतली तेव्हा खरी गंमत दिसली. कड्यांवरचं कंपनीचं नाव फडक्याबरोबर निघून आलं. खऱ्या चेनमध्ये ते धातूत ठोकलेलं असतं, नखाला लागतं. हे वर छापलेलं होतं. एका मित्राने कोल्हापुरातून पक्क्या बिलावर घेतलेली त्याच कंपनीची चेन शेजारी ठेवली. त्याच्या चेनमध्ये पिनेची टोकं कडेने दाबून पसरवलेली होती, भिंगातून बारीक गोल कडा दिसत होती, त्यामुळे बाहेरची पट्टी सुटत नाही. माझ्या चेनची पिन सपाट कापलेली, नुसती भोकात घातलेली. जिथून तुटली तिथे पट्टीच पिनेवरून निसटली होती. मग स्टीलची पट्टी लावली. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच असतो, म्हणजे चोवीस घरं बरोबर बारा इंच भरली पाहिजेत. एक सोळांश इंच वाढली की चेन बदलायची वेळ आली, एक अष्टमांश वाढली की तिने दातेसुद्धा खायला सुरुवात केली असं समजायचं. माझी पावसाळासुद्धा न बघितलेली चेन एक अष्टमांशच्या पुढे गेली होती. म्हणजे कॅसेट, मागच्या चाकावरचा दात्यांचा संच, तीही गेलीच. चेनपेक्षा ती महाग.

डबा मी ठेवला होता. एमआरपीचा स्टिकर एका कोपऱ्यात उचललेला होता म्हणून चहाच्या वाफेवर धरून सोलला. खाली दुसरा स्टिकर. पांढरा, बारकोडचा, ऑनलाइन गोदामात प्रत्येक वस्तूवर चिकटवतात तसला, आणि त्यावर वस्तूचं नाव अर्धवट कापलेलं. त्या नावाने फोनवर शोधलं तर तीच चेन, तोच फोटो, मी दिलेल्या पैशांच्या निम्म्याहूनही कमी किमतीला. शेठने ऑनलाइन सेलमध्ये मागवली, वर स्वतःचा स्टिकर चिकटवला आणि मला ऑनलाइनपासून सावध राहायला सांगत तीच विकली. कौशल्य आहे, नाही म्हणता येत नाही.

परत दुकानात गेलो. चेन आणि डबा काउंटरवर ठेवला. शेठने चेनकडे बघितलंही नाही.

"आमची न्हवं ही."

"तुमच्याच पोरानं बसवलीय."

"पोरं काय, कुणी आणून दिली तरी बसवतात. तुम्ही ऑनलाइन घेतलात असणार. डब्यावर तर स्टिकर हायच की त्यांचा."

म्हणजे त्याचाच पुरावा त्याने माझ्यावर उलटवला. एस्टिमेट दाखवलं तर म्हणाला, "त्याच्यावर कंपनीचं नाव कुठं हाय? नुसतं चेन लिवलंय." आणि खरंच, तेवढंच लिहिलेलं होतं. ते तसं का लिहितात ते तेव्हा कळलं.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं. आपल्या सीमाभागात कागद कुठल्या भाषेत द्यायचा इथूनच प्रश्न सुरू होतो, त्यामुळे हे मुद्दाम सांगतो. तक्रार नोंदवली, दुकानाच्या पाटीचा, शिक्क्याचा, दोन्ही स्टिकरचा फोटो जोडला. पैसे मी यूपीआयने दिले होते. दुकानाच्या खात्यावर त्या दिवशी तेवढीच रक्कम गेलेली दिसत होती. एस्टिमेटपेक्षा तोच कागद जड ठरला. शेठकडून निरोप आला, निम्मे पैसे घ्या आणि विषय संपवा. मी पूर्ण मागितले. चेनचे पूर्ण मिळाले, कॅसेटचे नाहीत, गुडघ्याचे कोण देणार. ग्राहक आयोगात जायचा कागद तयार आहे. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

इथे एक गैरसमज सगळ्यांच्या तोंडी आहे: कोल्हापूर-पुण्यातून, किंवा शिनोळीच्या पलीकडून कुठूनही महाराष्ट्रात वस्तू घेतली की कर्नाटकात तक्रार करता येत नाही, हद्द बदलते. पूर्वीचा कायदा तसा अडचणीचा होता. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. दुकान पुण्यात असो की दिल्लीत, तुम्ही बेळगावात करू शकता. पक्कं बिल मात्र हाताशी असलेलं बरं.

डब्यावर काय बघायचं ते सांगतो. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, कुठल्या देशात बनली, महिना आणि वर्ष, सगळे कर धरून किंमत, आणि तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, हे छापलेलं असायला लागतं. वजनमापाच्या कायद्याखालचे 2011 चे नियम आहेत. माझ्या डब्यावर नुसती किंमत होती, बाकी काही नव्हतं. स्टिकरवर स्टिकर दिसला तर तिथेच नखाने उचलून बघा. शेठ रागावला तर रागावू दे. हेल्मेट घेणार असाल तर आत ईएन 1078 (युरोपचं) किंवा सीपीएससीचं (अमेरिकेचं) सायकल हेल्मेटचं लेबल शोधा. 'आयएसआय आहे की' म्हणून दाखवतात तो आयएस 4151 चा शिक्का मोटरसायकलच्या हेल्मेटचा, सायकलच्या नव्हे. टायरवर 700 गुणिले 28 असं काहीही लिहिलेलं असो, बाजूच्या 28-622 असल्या आकड्यांवर जा. शेवटचे तीन आकडे तुमच्या जुन्या टायरशी जुळले नाहीत तर तो रिमवर बसणारच नाही, मग "ताणून बसवतो" म्हणणाऱ्या पोराला हात लावू देऊ नका.

माझं आता असं चाललंय की सामान आयातदाराच्या स्वतःच्या किंवा त्याने अधिकृत म्हणून नाव दिलेल्या विक्रेत्याकडूनच मागवतो, मग ते ऑनलाइन असो नाहीतर पुण्यातलं दुकान, आणि पार्सल फोडताना फोनवर व्हिडिओ चालू ठेवतो. बसवायला वडगावच्या मिस्त्रीकडे नेतो. मजुरी तो सांगेल ती देतो, घासाघीस करत नाही, आणि निघालेली जुनी चेन तो न मागता फडक्यात गुंडाळून हातात ठेवतो. त्याच्याकडे गिअरचं सामान नाही, कपाटही नाही.

त्या दुकानात अजून तसलेच डबे लावलेले आहेत, मागच्या आठवड्यात रस्त्यावरूनच दिसले. निळे डबे, उजव्या बाजूला एमआरपी. स्टिकर थोडा तिरका असतो.