रेडॉन मीटर: मुंबईत घ्यावा का?

खोक्यातल्या पत्रकावर ठळक अक्षरात छापलंय, 'उंदरांवर सिद्ध'. परळच्या एका प्रयोगशाळेत अ‍ॅनिमल हाउस, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात ती जागा, सांभाळण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, त्यामुळे हे वाचून हसू आलं. उंदरांवर मीटर सिद्ध होत नाही हो, धोका सिद्ध होतो. रेडॉन म्हणजे जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा, वास-रंग नसलेला किरणोत्सारी वायू; बंद जागेत साचला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका.

यंत्र मात्र बरं आहे. तळहाताएवढं, पेन्सिल सेलवर चालतं. हवा आपोआप आत शिरते आणि रेडॉनमधून सुटणारे अल्फा कण सेन्सरवर मोजले जातात. पहिल्या दिवसाचा आकडा उगाच वरखाली नाचतो, त्याकडे बघूच नका, आठवड्याची सरासरी धरा. एकक पिकोक्युरीवर येतं, ते बेकरेलवर करून घ्या (दोन्ही किरणोत्सार मोजायची एककं; 1 पिकोक्युरी प्रति लिटर म्हणजे 37 बेकरेल प्रति घनमीटर). जागतिक आरोग्य संघटना घरासाठी 100 बेकरेलची पातळी सुचवते आणि अगदीच जमलं नाही तरी 300 ओलांडू नका म्हणते.

आता उंदरांचं. अमेरिकेत रिचलंडला आणि तिकडे फ्रान्समध्ये रॅटना वर्षानुवर्षं रेडॉन हुंगवला आणि त्यांच्या फुप्फुसांत गाठी झाल्या. खाणकामगारांना फुप्फुसाचा कर्करोग व्हायचा, पण शंका राहायची, की हे विडीमुळे, खाणीतल्या धुळीमुळे की रेडॉनमुळे? पिंजऱ्यातला रॅट विडी ओढत नाही, तिथे ती शंका मिटली. गंमत म्हणजे रिचलंडला बीगल कुत्र्यांना रेडॉनसोबत सिगारेटचा धूरही दिला, तर धूरवाल्या कुत्र्यांत गाठी कमी निघाल्या! श्वासनलिकेत दाट चिकटा साचल्याने अल्फा कण पेशींपर्यंत पोचले नसावेत, असा अंदाज. फ्रान्समध्ये रॅटना आधी रेडॉन आणि मग धूर दिला, तर गाठी वाढल्या. माणसांत दोन्ही मिळून धोका वाढतोच, तेव्हा ओढणाऱ्यांनी कुत्र्यांचा दाखला देऊ नये.

पण त्या पिंजऱ्यांतले बहुतेक डोस आपल्या घरातल्यापेक्षा कित्येक पट जास्त होते, आणि पत्रक नेमकं हेच लपवतं. घरातल्या पातळीसाठी उंदीर नको, माणसंच बघावीत. युरोपातल्या 13 अभ्यासांचं एकत्रित गणित 2005 साली आलं, त्यात दर 100 बेकरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण 16 टक्क्यांनी वाढलेला दिसला.

आमच्या तळमजल्यावर, खिडक्या उघड्या असताना, आकडा वीसच्या आसपास राहिला. आपल्याखाली बेसाल्ट (काळा दगड) आहे, त्यात युरेनियम कमीच. रात्री एसी लावून दारं बंद केली की दुप्पट होतो, कारण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो. मेव्हण्याचं फोर्टमध्ये तळघरात गोदाम आहे, तिथे मात्र शंभरच्या वर गेला. "दिवसभर मी इथेच बसतो की हो!" म्हणाला. एक्झॉस्ट फॅन सतत चालू ठेवला तसा उतरत गेला.

किंमत पंधरा हजारांच्या पुढे, आणि बिघडलं तर इथे दुरुस्त करणारं कुणी नाही. सहाव्या मजल्यावर राहत असाल तर घेऊ नका, तेवढ्या पैशांत खिडक्यांना चांगल्या मच्छरजाळ्या बसवा आणि खिडक्या उघड्या ठेवा. तळघरात दुकान, छापखाना, क्लास असेल तर दोघा-तिघांत मिळून जरूर घ्या.

पाचात साडेतीन. किमतीचा एक तारा कापला, पत्रकाचा अर्धा.